गावच्या ग्रुपवरच्या प्रत्येक निरोपाला तारीख हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुलै उजाडला की करवीर, हातकणंगले, शिरोळ तालुक्यांतल्या नदीकाठच्या गावांत सर्वांत जास्त वाचला जातो तो गावचा व्हॉट्सॲप ग्रुप. धरणाचा विसर्ग, बंद झालेला रस्ता, शाळेची सुट्टी, दूध संकलनाची बदललेली वेळ, कुणाच्या घरी मयत झाली, हे सारे आता तिथेच कळते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात याच ग्रुपांमुळे अडकलेल्या माणसांपर्यंत बोटी गेल्या, औषधे पोहोचली; आणि याच ग्रुपांवरून अर्धवट निरोप फिरून रात्री-अपरात्री घबराटही झाली. पाठवणाऱ्यांचा हेतू दोन्ही वेळा चांगलाच होता. निरोप कसा लिहिला, यावर सारे ठरले. त्याबद्दल थोडे तपशिलाने लिहीत आहोत. आपल्या वाचकांत ग्रुप चालवणारे बरेच असतात, त्यांच्या उपयोगी पडावे.

निरोपात सर्वाधिक वेळा राहून जाते ती तारीख. ‘आत्ताच धरणाचे सर्व दरवाजे उघडले, नदीकाठच्या सर्वांनी तातडीने बाहेर पडावे’ हा मजकूर दरवर्षी जसाच्या तसा फिरतो. त्यात ‘आत्ताच’ आहे, पण दिवस नाही, धरणाचे नाव नाही, किती पाणी सोडले ते नाही, कोणी सांगितले तेही नाही. हा निरोप तीन वर्षांपूर्वीचा असला तरी वाचणाऱ्याला कळायचा मार्ग नाही. पाठवणाऱ्याच्या फोनवर वरती वेळ दिसते म्हणून तो तारीख घालत नाही. पण पुढे ढकलला की निरोपावर ढकलल्याची वेळ पडते, मूळ वेळ जाते. म्हणून तारीख आणि वेळ मजकुरातच, पहिल्या ओळीत टंकायला हवी. नमुन्यादाखल एक निरोप असा:

‘दि. २६ जुलै, सकाळी ७. राजाराम बंधारा ३८ फूट २ इंच. काल संध्याकाळी ६ वाजता ३७ फूट ४ इंच होते, म्हणजे १३ तासांत १० इंच वाढ. इशारा ३९, धोका ४३ फूट. माहिती: जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष. पुढचा निरोप दुपारी १ वाजता.’

यातली शेवटची ओळ सर्वांत उपयोगाची आहे. पुढची खबर कधी येणार हे ठाऊक असले की लोक मधल्या वेळेत ऐकीव आकडे टाकत नाहीत आणि ‘पाणी किती झालं?’ असे पन्नास जण विचारत नाहीत. वाढीचा वेग दिल्याने प्रत्येकाला आपला हिशेब करता येतो: गोठा कधी रिकामा करायचा, मोटर कधी काढायची, वैरण कुठे हलवायची.

आकड्यासोबत जागेचे नाव नसेल तर तो आकडा कुचकामी. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर ती ४० आणि ४५. प्रत्येक ठिकाणच्या मोजपट्टीचा शून्य वेगळा असतो, त्यामुळे सांगलीचे ४२ आणि कोल्हापूरचे ४२ यांची तुलनाच होत नाही. ‘पाणी ४२ वर गेलं’ एवढेच लिहिले की एका गावात लोक निर्धास्त बसतात आणि दुसऱ्या गावात विनाकारण पळापळ होते.

शिरोळकरांना तर दोन्ही आकडे लागतात. सांगलीच्या खाली हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते आणि नृसिंहवाडीला पंचगंगा. म्हणजे कोयना, चांदोली आणि राधानगरी या धरणांचे पाणी शेवटी या तालुक्यातूनच पुढे जाते. कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेचे पाणी पुढे सरकत नाही, मागे तुंबते. कोल्हापुरात पाऊस थांबून ऊन पडले तरी खालच्या गावांत पाणी चढत राहते. ‘पाऊस उघडला, काळजी नको’ असा निरोप वरच्या गावातून खालच्या गावाच्या ग्रुपवर येतो, तेव्हा पाठवणारा खोटे बोलत नसतो. त्याच्या दारातली गोष्ट त्याने सांगितलेली असते. म्हणून कुठून लिहितो आहोत, ते गावाचे नाव निरोपात यायलाच हवे.

धरणाच्या बाबतीत शब्दांची गल्लत फार होते. आवक म्हणजे धरणात येणारे पाणी, विसर्ग म्हणजे धरणातून सोडलेले. आवकेचा मोठा आकडा विसर्ग म्हणून फिरला की लोक हादरतात. टीएमसी (एक अब्ज घनफूट) हे साठ्याचे माप, क्युसेक हे वेगाचे; एका सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारे २८ लिटर, हा एक क्युसेक. सुमारे ११,५७४ क्युसेकचा विसर्ग पूर्ण २४ तास चालला तर एक टीएमसी पाणी जाते. हे एक गणित पाठ असले तरी ‘आज रात्रीत दहा टीएमसी सोडणार’ असल्या निरोपातली अतिशयोक्ती लगेच ध्यानात येते: त्याला पूर्ण २४ तास धरले तरी सुमारे एक लाख पंधरा हजार क्युसेकचा विसर्ग लागेल.

राधानगरीचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. पाण्याची पातळी ठरावीक उंचीला गेली की ते आपोआप उघडतात, उतरली की मिटतात. प्रत्येक दरवाजातून १,४२८ क्युसेक पाणी पडते. ‘रात्री बारा वाजता दरवाजे उघडणार आहेत’ असे त्यांच्याबद्दल कुणी ठरवून सांगू शकत नाही. कोयनेच्या वक्र दरवाजांबद्दल मात्र अशी पूर्वसूचना निघते. निरोप लिहिताना किती दरवाजे उघडले, त्यांतून किती आणि वीजगृहातून किती, आणि एकूण किती, असे तिन्ही आकडे द्यावेत. नाहीतर एक ग्रुप नुसता दरवाजांचा आकडा सांगतो, दुसरा एकूण सांगतो, आणि लोकांना वाटते की मधल्या तासात विसर्ग वाढला.

फोटो-व्हिडिओंची गोष्ट याहून अवघड. नृसिंहवाडीचा दक्षिणद्वार सोहळा घ्या. कृष्णेचे पाणी उत्तरेच्या बाजूने मंदिरात येते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिण दाराने बाहेर पडते. त्या वेळी स्नानासाठी दुरून लोक येतात. हे काही तासच टिकते. पाणी आणखी चढले की गाभाराच बुडतो, उतरले की सोहळा संपतो. त्याचा बिनतारखेचा व्हिडिओ स्टेटसला लागला की लोक लेकराबाळांसह गाड्या काढतात आणि इकडे येऊन पाहतात तर पाणी पायऱ्यांच्या खाली, किंवा याहून वाईट, रस्ताच बंद. व्हिडिओ काढणाऱ्याने सुरुवातीलाच तोंडाने तारीख, वेळ आणि ठिकाण बोलावे. आवाज चित्रफितीतच राहतो, पुढे कितीही हातांतून गेला तरी गळत नाही.

आलेला व्हिडिओ जुना आहे का, हे पाहायला फार शिकावे लागत नाही. दुकानाची पाटी, पुलाचा कठडा किंवा बसचा क्रमांक दिसतो त्या क्षणी व्हिडिओ थांबवायचा, स्क्रीनशॉट घ्यायचा आणि गूगल लेन्समध्ये टाकायचा. २०१९ ची बरीच दृश्ये अशा शोधात पहिल्याच पानावर सापडतात. सापडले नाही म्हणजे व्हिडिओ आजचा, असे मात्र नाही. तेव्हा त्या गावातल्या एका माणसाला फोन करणे हाच खरा उपाय. निरोपावर दोन बाणांची खूण आणि ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेले’ असे दिसत असेल तर तो निदान पाच हातांतून आलेला आहे. व्हॉट्सॲप असा निरोप २०२० पासून एका वेळी एकाच ठिकाणी पाठवू देते, ते याचसाठी.

शाळेच्या सुट्टीचा आदेश हा दरवर्षीचा डोकेदुखीचा विषय. जिल्हाधिकाऱ्यांच्या जुन्या आदेशाचा फोटो, वरची तारीख कापून, संध्याकाळी ग्रुपवर पडतो. सकाळी अर्धी मुले घरी आणि अर्धी शाळेत. उलटेही होते: खरा आदेश आला तरी लोक विश्वास ठेवत नाहीत. आदेश पाठवायचा तर पूर्ण पान पाठवावे, जावक क्रमांक, तारीख, सही दिसेल असे. आणि खाली एका ओळीत टंकून लिहावे: ‘उद्या, दि. अमुक, वार अमुक, अमुक तालुक्यातील शाळांना सुट्टी. मुख्याध्यापकांनी दुजोरा दिला.’ टंकलेला मजकूर ग्रुपमध्ये शोधून सापडतो, फोटोतला सहसा सापडत नाही. ज्यांना बारीक अक्षर दिसत नाही त्यांच्यासाठी ओळखीच्या आवाजात अर्ध्या मिनिटाची ध्वनिफीत टाकावी. त्यातही तारीख आधी.

आता ग्रुपच्या रचनेबद्दल. एकाच ग्रुपवर सूचना आणि गप्पा दोन्ही चालले तर पुराच्या रात्री कामाचा निरोप शे-दोनशे नमस्कार आणि हात जोडलेल्या चित्रांखाली गाडला जातो. गावाला दोन ग्रुप हवेत. एक निरोपांचा, ज्यात फक्त ॲडमिन लिहू शकतील. ग्रुपच्या सेटिंगमध्ये परवानग्यांत ‘सदस्य मेसेज पाठवू शकतात’ हे बंद केले की झाले. दुसरा चर्चेचा, सर्वांना मोकळा. चर्चेच्या ग्रुपवर आलेली बातमी ॲडमिनने खातरजमा केली तरच निरोपांच्या ग्रुपवर जाईल. चालू निरोप वरती पिन करून ठेवता येतो, २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस. पाणीपातळीसाठी २४ तासच निवडावे, म्हणजे शिळा आकडा वर अडकून राहत नाही.

अनेक गावांत बायका या ग्रुपांवर नसतात, आणि त्याचे कारण साधे आहे: ग्रुपमध्ये शिरले की आपला नंबर शेकडो लोकांना दिसतो, आणि मग नको त्या वेळी नको ते मेसेज येतात. पण पुरात घर हलवण्याची निम्मी-अधिक तयारी त्याच करतात, त्यांना निरोप आधी कळायला हवा. यावर उपाय आहे. व्हॉट्सॲप चॅनेल काढले तर अनुयायांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. कम्युनिटीच्या घोषणा-ग्रुपमध्येही नंबर ॲडमिनखेरीज इतर अनोळखी सदस्यांपासून झाकलेला राहतो. निरोपांसाठी यांपैकी एक वापरावे. ब्रॉडकास्ट लिस्टच्या भरवशावर राहू नये. ज्यांनी तुमचा नंबर फोनमध्ये साठवलेला नाही त्यांना तो निरोप जातच नाही, आणि पाठवणाऱ्याला मात्र वाटते सर्वांना गेला.

ॲडमिन एकच असणे हा सर्वांत मोठा धोका. ग्रामपंचायत अधिकाऱ्याची बदली झाली की ग्रुप पोरका होतो. निवडणूक झाली की हरलेल्या पॅनेलचा वेगळा ग्रुप निघतो आणि गावाच्या दोन बातम्या होतात. ॲडमिन चार-पाच असावेत, आणि ते माणसावरून नव्हे तर कामावरून ठरावेत: पोलीस पाटील, आशा सेविका, दूध संस्थेचे सचिव, शाळेतले एक शिक्षक, पाणीपुरवठ्याचा कर्मचारी. दोघी तरी महिला. वेगवेगळ्या गल्ल्यांतले, दोन्ही गटांचे. ग्रामपंचायतीच्या मालकीचे वेगळे सिमकार्ड घेऊन त्यावर ग्रुप काढला तर बदलीने काही बिघडत नाही. त्या फोनला व्हॉट्सॲपचे सहा आकडी दुहेरी पडताळणीचे पिन लावावे, कारण ॲडमिनचे खाते चोरट्याच्या हाती गेले की अख्खे गाव त्याच्या हाती जाते.

सदस्याने काही आक्षेपार्ह टाकले तर आपल्यावर गुन्हा होईल या भीतीने चांगली माणसे ॲडमिन व्हायला कचरतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे की समान हेतू असल्याशिवाय सदस्याच्या मजकुराबद्दल ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. तरीही असा मजकूर दिसताच काढावा. ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेजही सर्वांसाठी पुसता येतो. काढण्याआधी स्क्रीनशॉट ठेवावा, पोलिसांनी विचारले तर हाताशी असावा.

मुले पळवणाऱ्या टोळीचा निरोप आला तर तो चर्चेच्या ग्रुपवरही राहू देऊ नये. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे अशाच अफवेतून जमावाने पाच जणांचा जीव घेतला. बहुतेक मंगळवेढा तालुक्यातली, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ती गरीब माणसे भिक्षेसाठी फिरत होती. अनोळखी माणूस दिसला तर त्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा नाही. ११२ ला फोन करायचा आणि पोलीस पाटलांना कळवायचे. फोटो पडला की पाच मिनिटांत चौकात माणसे जमतात, आणि त्यानंतर कुणाच्याच हातात काही राहत नाही.

पुरात अडकलेल्यांच्या निरोपाचा ढाचा आधीच ठरवून, जूनमध्येच ग्रुपवर टाकून ठेवावा: गाव, गल्ली, ओळखीची खूण, घरमालकाचे नाव, एकूण माणसे, त्यांत वृद्ध, आजारी, गरोदर किती, कोणत्या मजल्यावर, जनावरे किती, संपर्क नंबर, आणि वेळ. जमल्यास ठिकाणाचा नकाशा जोडावा. हा निरोप ग्रुपच्या आधी १०७७ वर, म्हणजे जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला, सांगावा. सुटका झाली की त्याच निरोपाला उत्तर म्हणून ‘सुटका झाली, दि. अमुक, वेळ अमुक’ असे लिहिणे बंधनकारक करावे, आणि मूळ निरोप पुसावा. हे न केल्याने रिकाम्या घरापाशी बोट पुन्हा जाते आणि तेवढ्या वेळात दुसरीकडे कुणी छपरावर बसलेले असते. ग्रुपमधून पुसलेला निरोप इतरांनी पुढे पाठवलेल्या प्रतींतून पुसला जात नाही, म्हणून त्यात तारीख-वेळ असणे इथे जिवाशी गाठ आहे.

पुण्या-मुंबईतली आणि परदेशातली गावची मुले अशा वेळी बेचैन होतात आणि गावातल्या मोजक्या कार्यकर्त्यांना फोनवर फोन लावतात. त्यांच्याकडे वीज असते, नेटवर्क असते, वेळ असतो. त्यांचा वेगळा ग्रुप करून त्यांना काम वाटून द्यावे: एकाने पाणीपातळीचे अधिकृत आकडे दर तीन तासांनी गोळा करायचे, दुसऱ्याने आलेले व्हिडिओ तपासायचे, तिसऱ्याने अडकलेल्यांची यादी एका तक्त्यात भरून सुटका झालेल्यांवर खूण करायची. गावातल्या माणसाच्या फोनची बॅटरी वाचते ती वेगळीच.

आणि बॅटरी संपतेच. वीज गेली की काही तासांत मोबाईल टॉवरही बंद पडू लागतात. ७ जून २०२३ ला कोल्हापुरात स्टेटसवरून तणाव होऊन इंटरनेट बंद करण्यात आले, तेव्हाही सगळे ग्रुप एका क्षणात मुके झाले होते. म्हणून कागदावर गल्लीवार नंबरांची यादी हवी, एकाने पाच घरांना सांगायचे अशी साखळी हवी. इंटरनेट नसले तरी साधा एसएमएस जाऊ शकतो, हे तरुणांना आठवण करून द्यावे लागते. पोलिसांच्या ग्राम सुरक्षा यंत्रणेत गावाची नोंदणी असेल तर एका कॉलवर साध्या फोनवरही आवाजी निरोप जातो. नोंदणी झाली आहे का, आणि त्यात नव्या घरांचे नंबर घातले आहेत का, हे पावसाळ्यापूर्वी ठाण्यात विचारावे. देवळाचा, मशिदीचा भोंगा आणि दवंडी हे मोडीत काढायचे नाहीत. ग्रामसभेची नोटीसही ग्रुपवर टाकली म्हणून फलकावर लावायची राहिली, असे होता कामा नये.

रोजच्या बातम्यांना हेच नियम. निधनाची बातमी घरच्या माणसाला विचारल्याशिवाय टाकू नये. दवाखान्यात अत्यवस्थ असलेल्या माणसाला श्रद्धांजली वाहिली जाते, त्याच्यासारखे दुःख घरच्यांना दुसरे नाही. अंत्ययात्रेची वेळ, ठिकाण आणि रक्षाविसर्जनाचा दिवस लिहावा. रक्ताची गरज असल्यास रक्तगट, रुग्णालय, तारीख, नातेवाइकाचा नंबर, आणि गरज भागली की ‘भागली’. नाहीतर रुग्ण बरा होऊन घरी गेला तरी त्याच्या नातेवाइकाला वर्षानुवर्षे फोन येतात. हरवलेले मूल सापडले की त्याचा फोटो तत्काळ पुसावा. लाभार्थी यादी टाकताना आधार आणि बँक खात्याचे आकडे झाकावेत. आणि ‘लग्नपत्रिका’, ‘पीएम किसान यादी’, ‘वाहन चलान’ अशा नावाची एपीके फाइल कुणी टाकली, अगदी सख्ख्या भावाच्या नंबरवरून आली तरी, उघडू नये. ती कागद नसून ॲप असते. ते फोनमधले ओटीपी वाचते आणि खाते रिकामे करते. पैसे गेलेच तर पहिल्या तासातच १९३० वर तक्रार करावी.

पाटबंधारे विभाग आणि जिल्हा प्रशासनाला विनंती आहे की त्यांनी पाणीपातळी आणि विसर्गाचे तक्ते फोटो किंवा पीडीएफबरोबर टंकलेल्या मजकुरातही, ठरलेल्या वेळी द्यावेत. गावोगावचे ॲडमिन तो मजकूर जसाच्या तसा घेतील. हाताने आकडे उतरवताना होणाऱ्या चुका टळतील.

संपादक महोदय, आपल्याकडेही एक मागणी आहे. वृत्तपत्राची कात्रणे आणि बातम्यांची रंगीत कार्डे ग्रुपांवर सर्वाधिक विश्वासाने फिरतात, आणि तारीख पानाच्या डोक्यावर असल्याने कात्रणात ती येत नाही. पूर, धरण, रस्ते आणि सुट्ट्यांच्या बातम्यांत मथळ्याच्या खाली, पहिल्याच ओळीत तारीख आणि आकडा कितीचा आहे ती वेळ छापावी. कार्डावर ती कोपऱ्यात न देता मधोमध द्यावी, म्हणजे कापली तर बातमीच कापली जाईल.

कळावे,
आपले,
गावचे ग्रुप सांभाळणारे काही वाचक
ता. शिरोळ, जि. कोल्हापूर